गॅलरीकडचा उतार

माझ्या लेकीचा मुलगा बॅडमिंटन चांगलं खेळतो. फारच चांगलं, असं त्याचे कोच म्हणतात, आणि त्याला इथली शाळा सोडवून पुण्याच्या अकॅडमीत ठेवायचा विचार सध्या त्यांच्या घरात चालू आहे. धाकटी नात अजून लहान आहे, तिला कुणी काही विचारलेलं नाही. परवा लेक मला म्हणाली, "आई, मीनामावशीनं गोल्फसाठी एवढं सगळं केलं. शेवटी काय मिळालं गं तिला? वर्थ होतं का?" मी "सांगते नंतर" म्हटलं आणि कुकर लावायला उठले. साठी झाली तरी मीनाच्या गोल्फचं नाव निघालं की मला अचानक काहीतरी काम आठवतं. त्याबद्दल शांतपणे बोलणं मला जमतच नाही. माझ्या धाकट्या बहिणीचा मी त्या वर्षांत इतका हेवा केला, की हेवा करणं हाच माझा खेळ होता म्हटलं तरी चालेल. आणि सरावही मी रोज, न कंटाळता केला.

आम्ही नेरूळला दुसऱ्या मजल्यावर राहायचो. एक बेडरूम, स्वयंपाकघर आणि लांबट हॉल. हॉलच्या एका टोकाला स्वयंपाकघराचं दार, समोरच्या टोकाला खिडकीची भिंत, आणि त्या भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला गॅलरी. गॅलरीतून मोकळे प्लॉट दिसायचे, त्यांच्यापुढे खाजण आणि मग खाडी. वारा पश्चिमेचा असला की चिखलाचा वास, आणि फिरला की कारखान्यांचा. बाबा महाप्याच्या एका रंगांच्या कंपनीत सुपरवायझर होते. त्यांच्या रुमालांना कायम कुठल्यातरी रंगाची कड असायची, आणि आई ती घासून घासून थकायची. संध्याकाळी चहा झाला की बाबा स्टुलावर कॅरम मांडायचे आणि हाक मारायचे, "नंदा, ये." मला. मीनाला नाही. मीनाला एका जागी बसवत नसे, सोंगट्या उडवून पळायची. मी डावरी. कॅरमला डावं-उजवं काही लागत नाही, आणि माझा हात स्थिर होता. बाबा फार बोलणारे नव्हते. कौतुक म्हणजे त्यांचं एक "हं". तोंड न उघडता, नाकातून आल्यासारखं, अगदी तोकडं. मी राणी घेतली आणि पाठोपाठ कव्हरही घेतलं, की ते "हं" म्हणायचे. शाळेतल्या पहिल्या नंबरापेक्षा मला ते जास्त वाटायचं, कारण पहिल्या नंबराला ते नुसतं "छान" म्हणायचे, आणि छान तर ते आमटीलाही म्हणायचे.

मग गोल्फ आलं. बाबांचे वरिष्ठ मेहरासाहेब दर रविवारी खाडीपलीकडच्या गोल्फ मैदानावर जायचे, कंपनीची मेंबरशिप होती. एकदा त्यांचा जोडीदार आजारी पडला म्हणून ते बाबांना बरोबर घेऊन गेले, आणि पंचेचाळिशीतला आमचा बाप त्या एका सकाळीत वेडा होऊन परतला. घरी येऊन लाटणं हातात धरून तो आईला ग्रिप दाखवत होता. आई म्हणाली, "आधी ते लाटणं द्या, पोळ्या व्हायच्यात." पुढच्या महिन्यात त्यांनी आम्हां दोघींना नेलं. मी अठराची, मीना चौदाची. एवढी कापलेली हिरवळ मी त्याआधी पाहिली नव्हती. तिथल्या कोचनी माझ्या हातात काठी दिली आणि मी साहजिकच चेंडूच्या उलट्या बाजूला उभी राहिले. ते हसले. "अरे, ये तो लेफ्टी है. इसके लिए सेट कहाँ से लाएँगे, साहब?" बाबा म्हणाले, "बघू पुढे." तोवर मीना माझ्या हातातली काठी घेऊन उभी राहिली होती. तिनं मारलेला पहिला चेंडू हातभर सरकला. दुसरा गेला. कसा गेला ते मला सांगता येत नाही, पण त्याचा आवाज वेगळा आला, कोरडा आणि स्वच्छ, आणि बाबा म्हणाले, "हं."

ते "बघू पुढे" अजून पुढेच आहे.

त्यानंतर घर बदललं. मेहरासाहेबांनी दिलेल्या जुन्या सेटमधल्या काठ्या बाबांनी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मीनाच्या उंचीला कापून आणल्या. एकदा कापल्या की त्या दुसऱ्या कुणाच्या उपयोगाच्या राहत नाहीत, आणि डावरीच्या तर मुळातच नव्हत्या. उरलेले स्टीलचे तुकडे आईनं कुंडीतल्या तोंडल्याच्या वेलाला टेकू म्हणून खोचले. गोल्फमधून माझ्या वाट्याला काही आलं असेल तर त्या तोंडल्यांची भाजी. रात्री बदाम भिजत पडायचे ते मीनाचे, सकाळी सोलायचे ते मी. बांगड्याचा मधला तुकडा मीनाला, कारण तिला ताकद हवी. आणि सगळ्यांत कहर म्हणजे कॅरमबोर्ड. हॉलमध्ये पटिंगचा, म्हणजे चेंडू जमिनीवरून हलकेच ढकलून भोकात घालायचा सराव करायचा, तर चेंडू भिंतीवर आपटून रंग जाऊ नये, म्हणून बाबांनी माझा कॅरमबोर्ड खिडकीखाली आडवा उभा केला. त्याच्यापुढे एक स्टीलचा पेला आडवा ठेवला, ते भोक. मीना स्वयंपाकघराच्या दारातून मारायची. पेल्यात गेला की टण्ण. चुकला की कॅरमबोर्डवर ठप्प. टण्ण, टण्ण, ठप्प, टण्ण. मी आत बी.कॉम.चा अभ्यास करत बसलेली, आणि प्रत्येक ठप्पला माझ्या मनाला जरा गार वाटायचं. पण ते दिवसेंदिवस कमी होत गेले.

खालच्या मजल्यावर मुकादमभाभी राहायच्या. त्या मूळच्या उरणकडच्या, नवऱ्याचा लाकडाचा धंदा. ईदला त्यांच्याकडून सांदणं यायची आणि आई ताटली रिकामी परत न करता घावणे घालून पाठवायची. त्यांच्या डोक्यावर ही टणटण दोन वर्षं चालली, पण बाईनं एका शब्दानं तक्रार केली नाही. उलट जिन्यात भेटल्या की मीनाचा गालगुच्चा घेऊन म्हणायच्या, "काल लय ठपठप केलंस गं. तब्येत बरी नाय का?" मला वाटायचं, निदान ह्या तरी एकदा वर येऊन भांडतील, सोसायटीत अर्ज देतील. पण त्याही मीनाच्याच.

मला सगळ्यात जास्त कशाचा राग यायचा ते आता इतक्या वर्षांनी नीट सांगता येतं. बदामांचा नाही. बाबांचासुद्धा पूर्ण नाही. मीनाला कंटाळा यायचा नाही, त्याचा. पूर्वी एका जागी न बसणारी ही मुलगी तासन् तास त्या दारात उभी राहायची, पाय जुळवून, मान खाली घालून, आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही असायचं ते आमच्यापैकी कुणाच्याच चेहऱ्यावर कधी नव्हतं. तिला हाक मारली तर ऐकू जायची नाही. मी कशात तरी अशी बुडले आहे का, असं मी स्वतःला विचारायची, आणि उत्तर यायच्या आत पुस्तक उघडायची. बँकेच्या परीक्षेचं पुस्तक.

मीना बारावीत गेली आणि घरात वाद सुरू झाले. राज्याच्या ज्युनियर टीमची निवड व्हायची होती. बाबांनी ठरवलं होतं की निवड झाली तर मीनानं कॉलेज बंद करायचं, सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी बाहेरून द्यायची आणि दिवसभर गोल्फ. आई चपातीचं पीठ मळता मळता म्हणाली, "अहो, चेंडू ढकलून कुणाचं पोट भरलंय? मुलीची जात. उद्या विचारतील, शिक्षण किती? तर काय सांगायचं, खड्डे अठरा?" बाबा म्हणाले, "सगळं थोडं थोडं करणारे पुष्कळ आहेत. एक गोष्ट पूर्ण करणारं आपल्या घरात निदान एक माणूस असू दे." मी तिथेच भाजी निवडत बसले होते. सगळं थोडं थोडं करणारं माणूस कोण, ते कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

निवडीच्या दिवशी आईनं मला डबा घेऊन बरोबर पाठवलं. घावणे आणि चटणी. मी दोरीच्या बाहेरून त्यांच्यामागे चालत होते. मीनाचे लांबचे फटके बघून चांगली चांगली माणसं थांबत होती. मलासुद्धा मान्य करावं लागलं, सुंदर होते ते. पण चेंडू हिरवळीवर पोचला, भोक चार पावलांवर आलं, की तो भोकाच्या उजव्या काठावरून निघून जायचा. पहिल्यांदा गेला तेव्हा मला बरं वाटलं. दुसऱ्यांदाही. पुढे मात्र मजा येईना. घरी डोळे मिटून पेल्यात घालणारी मुलगी, आणि इथे दर वेळी तीच चूक, त्याच बाजूला, जवळपास तेवढ्याच अंतरानं. बाबा हात मागे बांधून बोटं मोडत होते. "नर्व्हस झालीय, टेन्शन घेतलंय," ते मला म्हणाले. दर रविवारी बाबांबरोबर इथे सराव करतानाही तिचे असे चुकायचे, पण मैदानावरची हिरवळ कुठे ना कुठे कललेली असतेच, म्हणून दोष हिरवळीला जायचा. संध्याकाळी यादी लागली. मीना त्यात नव्हती.

आम्ही बसनं खाडीपूल ओलांडून परतलो. घरी आल्यावर मीनानं चपलासुद्धा काढल्या नाहीत, पटिंगची काठी घेतली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. टण्ण. परत मारला, टण्ण. एकामागून एक सगळे आत. मग तिनं काठी खाली टाकली, लादीवर बसली आणि मोठ्यानं रडली. लहान मूल रडतं तशी, तोंड उघडं टाकून. आई तिच्याजवळ बसली, बाबा दुसऱ्या बाजूला. मी रिकामा डबा हातात धरून उभी होते, आणि खोटं कशाला बोलू, मला त्या रडण्याचाही हेवा वाटला. असं रडण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

रडणं ऐकून मुकादमभाभी वर आल्या. काय झालं ते बाबांनी सांगितलं: घरी सगळे पेल्यात, तिथे सगळे उजवीकडे. भाभींनी लादीवरून गॅलरीकडे नजर फिरवली. मग म्हणाल्या, "भाऊ, रागवू नका, पन आमच्या घरात लिंबू जरी पडला ना, तरी तो गॅलरीतच जाऊन गावतो. तुमचा चेंडू रोज आमच्या डोक्यावरून तिकडंच घसरतो. आखी बिल्डिंगच कलली हाय त्या बाजूला."

आणि ते खरंच होतं. लादी मी रोज पुसायची. बादलीतलं पाणी सांडलं की फडकं घेऊन मी नेमकी गॅलरीच्या बाजूला धावायची, तेसुद्धा विचार न करता. आई डाळ निवडायला ताट ठेवायची तेव्हा डाव्या कडेखाली पेपरची घडी सरकवायची. खाडीत भराव टाकून उभ्या केलेल्या इमारती थोड्या बसतातच, आणि त्यात राहणारी माणसंही तेवढीच कलून राहायला शिकतात. मीनाचा चेंडू डावीकडे घसरायचा, म्हणून तिचा हात आपोआप जरा उजवीकडे मारायला लागला होता. त्यालाच ती सरळ म्हणत होती. दुसऱ्या दिवशी बाबांनी कंपनीतल्या गवंड्याकडून सपाटी मोजायची पाणसळ आणली. लादीवर ठेवली. आतला बुडबुडा मधल्या रेघांतून सरकला आणि एका बाजूला जाऊन बसला. बाबा गुडघ्यावर बसून त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत होते.

आणि मग माझा आठवडा आला. बाबा म्हणाले, "नंदा, तुझा हात स्थिर आहे. ये." त्यांनी प्लायवूडची लांब फळी आणली. रोज संध्याकाळी चहा झाल्यावर आम्ही दोघं जमिनीवर पालथे पडून तिच्या डाव्या कडेखाली पेपरच्या घड्या घालायचो. मी घडी सरकवायची, बाबा पाणसळ बघायचे. "अजून एक पान. हां, थांब. काढ अर्धं." बोटांनी इतक्या बारीक अंतराचं काम मी कॅरमनंतर पहिल्यांदाच करत होते. आई चहा तिथेच आणून द्यायची. बाबांनी मला त्या आठवड्यात बँकेच्या परीक्षेबद्दल विचारलं, माझ्या मैत्रिणींची नावं विचारली. मीना बेडरूममध्ये भिंतीकडे तोंड करून पडून असायची, आणि मला वाटायचं, अजून थोडे दिवस तिनं तसंच पडून राहावं. शेवटी बुडबुडा मधोमध थांबला, इकडे नाही की तिकडे नाही. आम्ही फळीवर जाजम ताणून बसवलं. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. ते काही म्हणणार होते. पण त्यांनी आधी हाक मारली, "मीना, बाहेर ये बाळा. बघ ताईनं काय केलंय."

मीना आली. डोळे सुजलेले. तिनं फळीवरून दोन चेंडू मारले. सरळ उजवीकडे गेले. तिसरा तिनं विचार करून मारला, तो पेल्यात गेला. मग ती फळीवरून खाली उतरली.

"बाबा, हे नको."

"का गं? अगदी लेव्हलमध्ये आहे."

"तेच तर. अशी जागा तिथं कुठं असते? चूक उताराची नव्हती, मला एकच उतार येत होता ती चूक झाली. तुम्ही दिवाण आणि कपाट सरकवून द्या. मी गॅलरीतून आत मारते, खिडकीकडून उलटी मारते, कोपऱ्यातून मारते. सगळीकडून."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्या नजरेचं वर्णन करायला मला आजही जड जातं. मग ते म्हणाले, "हं."

फळी कॅरमबोर्डला टेकवून उभी केली. कपाट सरकवायला मीही हात लावला, न लावून सांगते कुणाला. त्यानंतर आमचा हॉल हॉल राहिला नाही. जेवायला आम्ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे. सतरा नंबरचा फॉर्म भरला गेला, निवड न होताच, आणि आई दोन दिवस बाबांशी बोलली नाही. पुढच्या वर्षी मीना टीममध्ये आली. कलकत्त्याला खेळून आली, दिल्लीला खेळून आली. तिच्याबद्दल पेपरात चार ओळी छापून आल्या. मी बँकेत लागले त्याबद्दल पेपरात काही आलं नाही, पण घरात पेढे आले. मग एक दिवस बाबांची कंपनी बंद पडली, आणि मेंबरशिप तिच्याबरोबर गेली. मीना काही महिने गॅलरीसमोरच्या प्लॉटवर मारत राहिली, तर तिथेही पाया खणायला सुरुवात झाली. एकविशीत तिचं गोल्फ संपलं. तिनं आदळआपट केली नाही. आज ती कळंबोलीला लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टवाल्याचं ऑफिस सांभाळते, ट्रक ड्रायव्हर तिला टरकून असतात. माझ्याकडे पेन्शन आहे. हिशोबच करायचा तर आई बरोबर होती, आणि हे मी लेकीला त्याच दिवशी कुकर लावता लावता सांगू शकले असते.

पण गेल्या महिन्यात आम्ही दोघी नेरूळच्या घरी गेलो होतो. आईबाबा आता नाहीत, आणि इमारत पाडून नवी व्हायची आहे, म्हणून घर रिकामं करायचं होतं. माळ्यावरून सगळं काढलं. फळीला वाळवी लागली होती, कॅरमबोर्ड फुगला होता. बिस्किटांच्या डब्यात पडद्यांचे जुने हुक आणि एक गोल्फचा चेंडू निघाला, पिवळा पडलेला. सामान न्यायला टेम्पो यायला वेळ होता. मीनानं चेंडू स्वयंपाकघराच्या दारात ठेवला आणि पायाच्या अंगठ्यानं ढकलला. तो खिडकीकडे निघाला, अर्ध्यात वळला, गॅलरीच्या उंबऱ्याला जाऊन लागला. ती तिकडे बघतसुद्धा नव्हती, कुलूप शोधत होती. पिशवीत हात घालून म्हणाली, "बिल्डिंग आणखी बसलीय गं. पूर्वी भिंतीतल्या त्या खांबाच्या पुढे वळायचा." मी त्या घरात तिच्याइतकीच वर्षं राहिले. तिनं जे घर बघितलं ते मी बघितलंच नव्हतं.

"तू मार ना, ताई," ती म्हणाली.

"मला कुठं येतं?"

"हातानं मार. कॅरमसारखं."

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले, गुडघे कुरकुरले. डाव्या हातानं चेंडू सोडला. गॅलरीत. मीना माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि तिनं माझे खांदे धरून मला किंचित उजवीकडे फिरवलं, बाबा तिला फिरवायचे तसं. "खिडकीची कडी दिसते ना? तिच्याही पलीकडे बघ. जोर तेवढाच." मी सोडला. चेंडू भलतीकडेच निघाला असं वाटलं, मग सावकाश वळत, वळत कॅरमबोर्ड उभा असायचा त्या भिंतीला मधोमध जाऊन टेकला.

मागून आवाज आला, "हं."

अगदी बाबांचा. तोंड न उघडता, तोकडा. तिला बहुतेक कळलंही नसेल. मला आनंद झाला, आणि त्याच्या मागोमाग तो जुना हेवाही आला, जसाच्या तसा. कारण मला कॅरम गेल्यापासून हे आज एकदा मिळालं, आणि तिला तेव्हा रोज संध्याकाळी मिळत होतं.

आज सकाळी मी लेकीला फोन केला. म्हटलं, "मावशीला विचारायची गरज नाही, मीच सांगते. त्याला पाठव पुण्याला. अर्धवट पाठवू नको, पूर्ण पाठव. फक्त धाकटीला रोज संध्याकाळी काय देणार आहेस, ते आधी ठरव."